दोन तुकड्यांचा पट

येझोरा गावातल्या मिकाएल चर्चच्या मरिगेता यितबारेकनं गळ्यात घालायचे रक्षणाचे पट लिहिणं सोडलं, याची गावात तीन कारणं सांगतात. कोणी म्हणतं, डोळे गेले. कोणी म्हणतं, मुलीची ख्याती झाल्यापासून त्याला बकरं पुरत नाही, आता गोऱ्हा मागतो. आणि ज्या बायका पहिल्यापासून त्याला वचकून होत्या त्या म्हणतात, ज्या भुतांना तो तीस वर्षं बांधत आला त्यांतल्याच एकानं त्याचा हात धरलाय.

खरं कारण तिघांनाच ठाऊक आहे. त्याला, त्याच्या मुलीला, आणि दोघांचीही पापकबुली ऐकणाऱ्या अब्बा त्सिगेंना.

यितबारेक आठ वर्षांचा असताना घरातून निघाला. पाठीवर मेंढीचं कातडं, हातात कुत्र्यांसाठी काठी. गोज्जामच्या पठारावर एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये, एका गुरूकडून दुसऱ्या गुरूकडे. दुपारी मरियमच्या नावानं दारोदार भाकरी मागायची आणि संध्याकाळपर्यंत पाठांतर करायचं. अकरा वर्षं असं काढल्यावर दावीदाची सगळी स्तोत्रं त्याच्या तोंडी होती आणि पायांची बोटं दगडांनी वाकडी झाली होती. शेवटचा गुरू म्हातारा होता. तो दिवसा गाणं शिकवायचा आणि रात्री मर्जीतल्या एकदोघांना पट लिहायला शिकवायचा. चर्चला ते फारसं मान्य नव्हतं. पण चर्चमधल्या निम्म्या लोकांच्या गळ्यात पट असायचा.

गुरूनं त्याला एकच नियम तीनदा सांगितला. पट माणसाच्या उंचीइतका हवा. दोऱ्यानं टाळूपासून टाचेपर्यंत माप घ्यायचं आणि तेवढंच कातडं कापायचं. जिथं कातडं संपतं तिथून माणूस उघडा.

यितबारेक पाद्री व्हायचा होता. आवाज होता, पाठांतर होतं. पण त्याला एनानू आवडली, आणि एनानूचं आधी एकदा लग्न होऊन मोडलं होतं. तशा बाईशी लग्न केलेल्याला वेदीपाशी उभं राहता येत नाही. तो गायकांच्या रांगेत राहिला, तिथंच पुढं म्होरक्या झाला, म्हणून मरिगेता. एनानू आल्यागेल्याला सांगायची, "माझ्यासाठी वेदी सोडली म्हणून मिरवतात हे. खरं म्हणजे एवढे उपास करायचा कंटाळा."

त्याचं काम चांगलं होतं, हे त्याचे टीकाकारही कबूल करत. कातडं दगडानं इतकं घासायचा की उन्हात धरलं तर बोटं दिसत. काळी शाई काजळीची, लाल शाई तो कशाची करायचा ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. वीतभर रुंदीच्या तीन पट्ट्या एकीखाली एक शिवून पट होई. सगळ्यात वर मिकाएल, तलवार उपसलेला. मधे फानुएल, ज्याला पाहून भुतं पळतात. पायांकडच्या पट्टीवर रुफाएल, प्रवासात माणसाच्या बरोबरीनं चालणारा. प्रार्थना काळ्यात, माणसाचं बाप्तिस्म्याचं नाव लाल रंगात. डोळे सगळ्यात शेवटी. डोळे काढताना तो कोणाशी बोलत नसे. पुरा झाला की पट गुंडाळून चामड्याच्या नळीत घालायचा आणि नळीचं तोंड शिवून टाकायचं. ज्याचा असेल त्यानं तो उघडून बघायचा नाही. गळ्यात घालायचा आणि विसरून जायचं.

अब्बा त्सिगेंना हे पटत नव्हतं. ते उघड म्हणत, "मिकाएल काय शिंपी आहे, माप घेतल्याशिवाय येत नाही?"

"मिकाएलला माप लागत नाही, अब्बा," यितबारेक म्हणायचा. "माणसाला लागतं."

अब्बा मान हलवत निघून जायचे. दोघांची मैत्री अशीच होती.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर मुलगी झाली. हाकेचं नाव मास्तेवाल. बाप्तिस्म्याचं नाव वेलेते मिकाएल, म्हणजे मिकाएलची लेक. एनानू तिला रागावली की यितबारेक म्हणायचा, माझ्याकडं तक्रार करू नकोस, तिच्या बापाकडं जा, तो तलवार घेऊन चर्चच्या भिंतीवर उभा आहे.

मास्तेवाल दहावीच्या परीक्षेत नापास झाली. दुसऱ्यांदाही झाली. तिच्या बरोबरीची तांगुत बैरूतला घरकामाला गेली होती, आणि दीड वर्षात तांगुतच्या आईच्या घरावर गवताच्या जागी पत्रे आले. उन्हात ते पत्रे येझोराच्या कुठल्याही टोकावरून चमकायचे. जानेवारीत, तिमकतचा सण झाल्यावर, मास्तेवाल म्हणाली, मीही जाते.

यितबारेकनं आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग दोन दिवस जेवला नाही. ती बापाचीच लेक, तीही जेवली नाही. तेव्हा त्याला एक युक्ती सुचली. आपण फार शहाणे आहोत असं त्याला त्या वेळी वाटलं. तो म्हणाला, "माझ्या हातचा पट गळ्यात असल्याशिवाय माझी पोरगी समुद्र ओलांडणार नाही. पट झाला की जा."

"मग लिहा," ती म्हणाली.

तिनं दाराच्या चौकटीला पाठ लावली, चपला काढल्या, आणि त्यानं माप घेतलं. दोरा टाचेपाशी आला तेव्हा ती गुदगुल्यांनी हसली. उंच पोरगी होती. आईपेक्षा डोकंभर उंच.

परक्याचा पट तो दोन आठवड्यांत देई. हा लांबत गेला. कातड्याला वास येतोय. शाई पातळ झालीय. आज गेब्रिएलचा दिवस, आज हात लावायचा नाही. मास्तेवाल रोज सकाळी कॉफी भाजताना विचारायची, किती झाला? मिकाएल झाला. दुसऱ्या आठवड्यात, मिकाएलचे डोळे झाले. मग फानुएल अर्धा. मग फानुएल झाला. ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू झाला तेव्हा दोन पट्ट्या लिहून शिवून तयार होत्या. तिसरी घासून, रेघा आखून, कोरी पडली होती. त्यानं ती पेटीत ठेवली आणि पेटीला हात लावला नाही.

एनानूच्या जिभेला हाड नव्हतं. "परक्यांचे देवदूत पंधरवड्यात उतरतात. आपल्या पोरीचे काय पायी निघालेत?"

मुलींना बैरूतला पाठवणारा दलाल ईस्टरनंतर येणार होता. ईस्टरनंतर पेरणीपूर्व नांगरणी, मग पाऊस, मग रस्ते बंद. एक पावसाळा सरला की पोरीचं मन फिरेल, असा त्याचा हिशेब होता.

गाडी उपासाच्या चौथ्या आठवड्यात आली. बुधवारी, सकाळी. पांढरी व्हॅन, आत आधीच दुसऱ्या गावच्या दोन मुली. दलालाला कागद लवकर मिळाले होते. तासाभरात निघायचं म्हणाला. गाव गोळा झालं. एनानूनं भाजलेलं जव आणि तिखटाची पुडी बांधली आणि रडत रडत शेजारणीला शिव्या दिल्या, कारण शेजारीण आधी रडायला लागली होती.

यितबारेक अंगणात रानऑलिव्हच्या झाडाखाली बसला होता. मास्तेवाल पांढरी शाल पांघरून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. सगळं गाव तिच्या मागं.

"आबाये," ती म्हणाली, "पट झाला?"

दलाल हसला. माणूस वाईट नव्हता, त्याला घाई होती. "मरिगेता, तुमचे देवदूत गाढवावरून येतात वाटतं. आमचं विमान शुक्रवारी उडतंय."

लोक हसले. सगळे. ज्यांच्या पोरांच्या गळ्यात त्यानं लिहिलेले पट होते, तेही. एनानूच्या ओल्या तोंडावरही क्षणभर हसू फुटलं, ते त्यानं पाहिलं.

तीस वर्षांत त्याच्या कामाला कोणी हसलं नव्हतं.

"झाला," यितबारेक म्हणाला.

तो आत गेला. दोन पट्ट्या गुंडाळल्या, नळीत घातल्या, नळीचं तोंड शिवलं. टाके नीट पडले. हे त्याला नंतर फार आठवलं, की टाके किती नीट पडले. बाहेर येऊन त्यानं नळी तिच्या गळ्यात घातली. ती वाकून त्याच्या गुडघ्यांना ओठ लावायला गेली, त्यानं तिला उठवलं. व्हॅन निघाली. एनानू धुळीत थोडी पळाली आणि मग बसली.

त्या दिवशी नुसतं "नाही" म्हटलं असतं तरी शब्दाला जागून ती थांबली असती. त्याच्या सगळ्या दिरंगाईचा अर्थ तेवढाच होता, की विचारलं जाईल तेव्हा "नाही" म्हणता यावं.

पुढचं वर्षभर त्याला वाटत राहिलं की अजून सुधारता येईल. तिसरी पट्टी लिहायची आणि कोणाबरोबर तरी पाठवायची. तांगुतच्या ओळखीची एक मुलगी जाणार होती, तिची आई विचारायलाही आली, काही द्यायचंय का पोरीला. यितबारेकनं भाजलेलं जव दिलं. पट्टी पाठवायची तर चिठ्ठीत काय लिहायचं? की तुझ्या गळ्यातला पट पुरा नव्हता, आणि मला ते माहीत होतं? पेटी उघडायचा, पट्टी बघायचा, मिटायचा. रुफाएलचं डोकं कुठं येईल तिथं त्यानं बोरूनं एक ठिपका ठेवला होता. तेवढंच.

महिन्यातून एकदा एनानूच्या फोनवर मास्तेवालचा फोन येई. एनानू सगळं विचारायची, काय खातेस, कुठं झोपतेस, मालकीण कशी आहे. फोन त्याच्या हातात आला की तो एकच विचारायचा.

"गळ्यात आहे ना?"

"आहे, आबाये."

तिसऱ्या वर्षी फोन दुसऱ्याच मुलीनं केला. मास्तेवाल पडली. जिवंत आहे.

सप्टेंबरात, नव्या वर्षाची पिवळी फुलं माळावर आली होती तेव्हा, ती दोन कुबड्यांवर व्हॅनमधून उतरली. एनानूचा आक्रोश खालच्या ओढ्यापर्यंत गेला. मास्तेवाल मात्र रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, ते यितबारेकला आधी ओळखूच आलं नाही. मग आलं. पोरगी आनंदात होती.

तिनं सांगितलं ते असं. तिसऱ्या मजल्यावर घर. मालकीण बाहेर जाताना कुलूप लावायची. बाल्कनीच्या काचा बाहेरून पुसायच्या तर कठड्यावर उभं राहावं लागे. त्या दिवशी साबणाचं पाणी पायाखाली आलं. ती पडली, खाली भाजीवाल्याच्या कापडी छतावर, तिथून रस्त्यावर. आणि पडताना, हे सांगताना तिचा आवाज खाली यायचा, पडताना मागून कोणीतरी तिच्या काखांत हात घातले. लहान मुलाला उचलतात तसे. डोक्याला खरचटलंसुद्धा नाही. छाती, पाठ, कंबर, सगळं धड. तिथला डॉक्टर म्हणाला, इतक्या उंचावरून पडलेलं डोकं मी असं पाहिलेलं नाही. फक्त पाय. दोन्ही नडग्या गुडघ्याखाली तुटल्या. उजवा जुळला, डावा वाकडा जुळला.

"वरचं सगळं धरलं त्यानं," मास्तेवाल म्हणायची आणि गळ्याला हात लावायची. "आबायेचा पट."

बायका जीभ टाळूला लावून आनंदाच्या किलकाऱ्या द्यायच्या. यितबारेक भिंतीला टेकून ऐकायचा. तिच्या उंचीचा दोरा त्याला अजून बोटांत आठवत होता. दुसरी पट्टी कुठं संपली ते त्याला माहीत होतं. गुडघ्याच्या चार बोटं वर.

तो ते कोणाला सांगू शकला नाही. दर महिन्याच्या बाराव्या दिवशी, मिकाएलच्या दिवशी, मास्तेवाल चर्चच्या फाटकाशी बसे आणि विचारेल त्याला सांगे. गोष्ट डोंगरापलीकडे गेली. लोक बकरी घेऊन येऊ लागले. आखाती देशांत जाणाऱ्या मुलींचे बाप, बाळंतिणींचे नवरे, एक पोलिससुद्धा. यितबारेकनं पहिल्याला सांगितलं, शाई संपलीय. दुसऱ्याला, डोळे दुखतात. पोलिसाला म्हणाला, तुमची उंची फार आहे. एनानूला काही कळेना. "कुत्रं विचारत नव्हतं तेव्हा रात्रंदिवस घासत बसायचात. आता दारात जत्रा आणि तुम्ही म्हणता शाई संपली."

सगळ्यांत कठीण जाई ते मास्तेवालचं वागणं. ती त्याच्या आधी जेवायची नाही. लंगडत येऊन त्याच्या पाठीमागं उशी सरकवायची. ती जेवढी जपायची तेवढा तो तिच्यापासून दूर बसायचा. तिला वाटायचं, पायांकडं बघून आबायेला वाईट वाटतं. म्हणून ती पाय शालीखाली घेऊ लागली.

ऑक्टोबरच्या शेवटी अब्बा त्सिगे आले. गंमत करायला आले होते. म्हणाले, "तुझ्या कातड्यापुढं आमचं पवित्र पाणी कोणी विचारेना." मग त्यांनी यितबारेकचं तोंड पाहिलं आणि खाली बसले.

त्यानं सगळं सांगितलं. दोन पट्ट्या, दलालाचं हसणं, शिवलेली नळी. अब्बांना जिंकल्यासारखं वाटेल असं त्याला वाटलं होतं. वीस वर्षांचा वाद होता. अब्बा माश्या वारायच्या हातातल्या झुपक्याकडं बघत राहिले.

"प्रायश्चित्त सांगा," यितबारेक म्हणाला. "शंभर दंडवत सांगा. पाचशे सांगा. मार्चपर्यंत उपास सांगा."

"ते तू आनंदानं करशील," अब्बा म्हणाले. "मला सांगून काय होणार? मी पडलो का? तिला सांग. हिदार महिन्यातल्या मिकाएलच्या मोठ्या सणाआधी सांग. त्या दिवशी ती सगळ्या परगण्यासमोर तुझं नाव घेणार, आणि तू ऐकत उभा राहणार. तेवढं होऊ देऊ नकोस."

"तिचा विश्वास जाईल, अब्बा. तिनं तिकडून आणलेलं तेवढंच आहे."

अब्बा उठले. तिचा विश्वास कसा राखायचा ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, असं यितबारेकला वाटलं.

हिदार महिन्याचे अकरा दिवस त्यानं घालवले. अकराव्या दिवशी दुपारी एनानू सणाची घरगुती बिअर घेऊन चर्चकडं गेली. मास्तेवाल उंच स्टुलावर बसून कॉफी भाजत होती. तिला आता खाली बसता येत नसे, चूल विटांवर चढवून घेतली होती.

तो तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, तो पट पुरा नव्हता.

मास्तेवालनं तवा हलवला. "माहीत आहे."

त्याला वाटलं आपण नीट बोललो नाही. पण ती सांगू लागली. पहिल्याच महिन्यात मालकिणीनं नळी कापली. जादूटोणा आहे म्हणाली, कचऱ्यात टाकली. मास्तेवालनं पट गुपचूप परत काढला, पिशवीत ठेवला. एका दुपारी घरात कोणी नव्हतं. तिनं तो स्वयंपाकघरात फरशीवर पसरला आणि शेजारी झोपली.

"डोकं जुळवलं तर गुडघ्याच्या वर संपत होता. पाय जुळवले तर डोकं उघडं. मी म्हटलं, डोकंच झाकू." ती थोडी हसली. "दुष्काळाचं साल होतं ना. बकरं लहान असेल, कातडं पुरलं नसेल. आबायेला विचारायचं नाही म्हटलं, त्यांना लाज वाटेल. कापडात शिवून परत गळ्यात घातला."

सबब तिनंच यितबारेकच्या हातात दिली होती. हो, बकरं लहान होतं. एवढंच म्हणायचं, आणि कॉफी प्यायची.

"बकरं लहान नव्हतं," तो म्हणाला.

तिनं वर पाहिलं.

"तिसरी पट्टी तयार होती. पेटीत आहे. मी लिहीतच नव्हतो. तू जाऊ नयेस म्हणून."

"मग झाला का म्हणालात?"

"तो दलाल हसला. सगळे हसले."

तव्यातल्या बिया करपायला लागल्या. मास्तेवालनं तवा उतरवला नाही. धूर दोघांच्या मधून वर गेला.

"गाडीत त्या दोन पोरी रडत होत्या," ती शेवटी म्हणाली. "दलालानं दार लावलं तर आतून उघडत नव्हतं, ते मी पाहिलं होतं. मला भीती वाटली. पण एवढी भांडले होते, एवढं गाव जमलेलं, मागं फिरायला तोंड नव्हतं. मग मला पट आठवला. म्हटलं, आबाये म्हणतील झाला नाही. मग मला कोणी भित्री म्हणणार नाही. मी 'नाही' ऐकायला आले होते, आबाये."

अकरा वर्षं पाठ केलेल्यातलं काहीही त्या वेळी कामाचं नव्हतं. तो म्हणाला, मी आता लिहितो. पुरा. नवा.

"आता कुठल्या पायावरून माप घ्याल?"

तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. खरंच विचारल्यासारखं म्हटलं. तिनं तवा उतरवला, करपलेल्या बिया उखळात टाकल्या, कुटल्या. मधेच थांबली.

"काखेत हात होते," ती म्हणाली. "ते मी मनानं रचलेलं नाही."

"नाही."

"मग ते तुमच्या पटातून आले नव्हते."

यितबारेकनं तिच्याकडं पाहिलं. त्याला हो म्हणता आलं असतं, की दोन पट्ट्यांपुरते आले असतील. गुरूनं तसंच शिकवलं होतं. हिशेब बसत होता.

"नाही," तो म्हणाला.

"मग बरं," मास्तेवाल म्हणाली.

तिनं त्याला कॉफी दिली. रीतीप्रमाणे तिन्ही वेळा दिली. तो तिन्ही प्यायला, करपलेली. त्या संध्याकाळी तिनं त्याच्या पाठीमागं उशी ठेवली नाही. रागानंही नाही, विसरल्यासारखं. एनानूनं ठेवली.

दुसऱ्या दिवशी हिदार मिकाएल. सकाळपासून माणसं डोंगर चढून येत होती, सगळा माळ पांढरा झाला होता. दुपारी ताबोत, चर्चचा झाकून ठेवलेला पवित्र फलक, बाहेर काढायचा होता. पाद्री भरजरी छत्र्या उघडत होते. गायक दोन रांगांत, हातात लांब काठ्या आणि खुळखुळे, ढोलवाले मधे. यितबारेक रांगेच्या तोंडाशी, फाटकापासून दहा पावलांवर उभा होता.

मास्तेवाल फाटकाशी होती. भोवती बायकांचं कडं. परगावच्या होत्या, गोष्ट ऐकायला आल्या होत्या. तिनं सांगितली. बाल्कनी, काच, साबणाचं पाणी. काखेतले हात. मिकाएलनं धरलं, ती म्हणाली. आवाज तिथंच खाली आला जिथं नेहमी यायचा. पण गळ्याला हात गेला नाही. गळ्यात काही नव्हतं.

एका म्हातारीनं विचारलं, "आणि मरिगेताचा पट?"

"पट मालकिणीनं कापून कचऱ्यात टाकला होता," मास्तेवाल म्हणाली.

"मग पटाशिवाय?"

"पटाशिवाय."

बायकांनी किलकाऱ्या दिल्या, आधीपेक्षा मोठ्या. म्हातारीनं जमिनीला कपाळ लावलं. पाद्र्यांच्या रांगेतून अब्बा त्सिगेंनी यितबारेककडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

पट परत काढून गळ्यात घातला होता, तेवढं तिनं गाळलं होतं. त्याला चारचौघांत उघडं पाडलं नव्हतं. फक्त त्याला गोष्टीतून काढून ठेवलं होतं, आणि गोष्ट त्याच्याशिवाय नीट उभी होती. तो तिथं उभा राहून वाट पाहत होता, की ती एकदा तरी वळून बघेल. ती एका परकरातल्या पोरीला जवळ घेऊन तिच्या कपाळाला हात लावत होती. पोरगी तिच्या कुबडीला धरून उभी होती.

ताबोत दारात आला. ढोलवाल्यांनी मरिगेताकडं पाहिलं. पहिली ओळ त्यानं उचलायची होती. दहाव्या वर्षापासून पाठ असलेली ओळ. त्यानं तोंड उघडलं, आणि ती आली नाही.

छत्र्या थांबल्या. मग शेजारच्या गायकानं ओळ उचलली, ढोल वाजले, रांगा डुलायला लागल्या. यितबारेक इतरांच्या मागून गात राहिला.